मुखवट्यामागचा आवाज

मुखवट्याआडचा खलनायक कोण हे ओळखण्यातच चित्रपटगृहांत दर आठवड्याला एकेका भागाने दाखवल्या जाणाऱ्या जुन्या अमेरिकी चित्रपट-मालिकांची खरी गंमत होती, हे आपले म्हणणे मला अर्धेच पटते. रिपब्लिक पिक्चर्सच्या १९४१ सालच्या ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्व्हल’ या १२ भागांच्या मालिकेत स्कॉर्पियन या मुखवटाधारी खलनायकाला आवाज दिला तो जेराल्ड मोर यांनी, आणि संशयितांपैकी कोणाचीच भूमिका ते करत नव्हते. म्हणजे आवाजावरून माग काढू पाहणाऱ्या प्रेक्षकाला निर्मात्यांनी सरळसरळ चकवलेच होते.

माझ्या मते खरी ओढ होती ती भागाच्या शेवटाची. नायकाची मोटार दरीत कोसळताना दिसे, आणि आठवडाभराने तोच प्रसंग पुन्हा दाखवताना त्याने ऐनवेळी बाहेर उडी मारल्याचे दृश्य मध्येच बेमालूम घुसडलेले असे. ही चक्क लबाडी होती, तरी शनिवारच्या खेळाला पोरे हजर असत.