मॅनेजर ओटीपी देत नाहीत, मस्टरवर सही करत नाहीत. एजन्सीच्या माणसाने करायचं काय?

नशिराबादची विचारते:

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात डिस्पॅचच्या टेबलावर बसते. कारखान्याची नाही, माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची. अकरा महिन्यांचं लेटर आहे, ते जूनअखेर संपतं. बिल बनवायचं, ई-वे बिल (मालाच्या गाडीसोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) काढायचं, ट्रान्सपोर्टवाल्याकडून बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची पावती) घ्यायची आणि गाडी गेटबाहेर काढायची, एवढं काम. कामाबद्दल तक्रार नाही. बी.कॉम.नंतर टॅली शिकले होते, ते इथे खरोखर वापरायला मिळतंय.

तक्रार मॅनेजरसाहेबांबद्दल आहे. आधीच सांगते, नाहीतर सगळे भलतीकडेच धावतील: ते ओरडत नाहीत, वाकडं बोलत नाहीत, नजर साफ आहे. फक्त कशालाच हात लावत नाहीत. काहीही विचारलं की "बघू", आणि बिघडलं की "तुम्ही बघायला नको होतं का?"

ई-वे बिलाचं लॉगिन त्यांच्या नंबरला जोडलेलं. पासवर्ड माझ्या डायरीत, पण ओटीपी त्यांच्या मोबाइलवर. माल भरून व्हायला संध्याकाळचे साडेपाच वाजतात आणि नेमके तेव्हाच साहेब कुठल्यातरी पार्टीबरोबर बाहेर असतात. फोन वाजून वाजून बंद होतो. इकडे ड्रायव्हर माझ्या टेबलाला टेकून उभा, "मॅडम, रात होने से पहले मलकापूर निकल जाता था." मागे हमाल त्यांच्या मजुरीसाठी थांबलेले. एकदा साहेबांनी ओटीपी पाठवला तो एका फोनचा दुसऱ्या फोनने फोटो काढून, आणि शेवटचे दोन आकडे अंगठ्याखाली! नवीन मागवेपर्यंत त्यांचा फोन परत बंद. त्या दिवशी गाडी निघायला आठ वाजून गेले, माझी एसटी गेली, भावाला मोटरसायकल घेऊन यावं लागलं.

दुसरं. रायपूरच्या पार्टीची ऑर्डर रद्द झाली, गाडी गेटवरूनच परत आत घेतली. हे मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तेही गेटवरच्या वॉचमनकाकांकडून कळलं. तोवर २४ तास उलटलेले, त्यामुळे ई-वे बिल कॅन्सल होईना. साहेब शेठजींसमोर म्हणाले, "एजन्सीची मुलं आहेत, लक्ष नसतं."

तिसरं पगाराचं. एजन्सीला दर महिन्याला आमचं मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, साहेबांच्या सहीनिशी लागतं. ते साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडून राहतं. एजन्सीला फोन केला की "सही आली नाही", साहेबांना विचारलं की "पगार एजन्सीचा विषय आहे". पगार कधी बाराला, कधी पंधराला. घरी गॅसपासून भावाच्या फीपर्यंत सगळं त्यावर.

घरचे म्हणतात जून जवळच आला, काढ तेवढे दिवस. पण अकाउंट्सच्या ताई म्हणतात की तुला कायम घ्यायचं बोलणं चाललंय. म्हणून भांडताही येत नाही आणि गप्पही बसवत नाही. काय करू?

---

पारोळेकर:

बैन, काम तू करी ऱ्हायनी, पगार दुसरा देई ऱ्हायना, अन् सही तिसरा दाबी बसना! सरळ शेठजींच्या केबिनमध्ये जा आणि सगळं तोंडावर सांग. असल्या साहेबांना वरून दट्ट्या बसल्याशिवाय कळत नाही. आपण खान्देशी माणसं फार सोसतो.

---

धुळ्याचा हिशेबनीस:

पारोळेकर, शेठजींकडे जाऊन ही ताई काय सांगणार? "साहेब फोन उचलत नाहीत." शेठजी म्हणतील, "बरं, सांगतो त्यांना." झालं. दुसऱ्या दिवशी साहेब आणखी फुगून बसतील.

ताई, तुमचा ओटीपीचा त्रास साहेबांच्या स्वभावाशी कमी आणि लॉगिनच्या रचनेशी जास्त जोडलेला आहे. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल पोर्टलवर पासवर्डबरोबर ओटीपी सगळ्याच करदात्यांना सक्तीचा झाला. त्याआधी बहुतेक ऑफिसांत एकाचा पासवर्ड चौघे वापरायचे आणि खपून जायचं. तुमच्याकडे जुनीच पद्धत नवीन नियमात रेटत आहेत.

मुख्य लॉगिनमधून सब-यूजर तयार करता येतो. सब-यूजरचा आयडी वेगळा, पासवर्ड वेगळा, आणि ओटीपी त्याच्या स्वतःच्या नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. त्याला कोणकोणती कामं करू द्यायची हेही मुख्य लॉगिनवाला ठरवतो. म्हणजे साहेब बाहेर असोत की आत, तुमची गाडी अडत नाही. आणि कुठलं बिल कोणत्या आयडीने काढलं हे दिसतं, हा तुमच्यासाठी मोठा फायदा. आज तुम्ही काढलेलं प्रत्येक बिल साहेबांच्या नावावर आहे. हे त्यांना जरा समजावून सांगा, की चूक झाली तर नाव त्यांचंच निघेल. बघा, कसे पटकन तयार होतात!

ते होईपर्यंतचा उपाय: बिलाचे दोन भाग असतात. माल, किंमत, पार्टी हा भाग अ. गाडी नंबर हा भाग ब. माल पक्का होऊन तुमचं बिल तयार झालं असेल तर भाग अ दुपारी, साहेब खुर्चीत असताना भरून टाका आणि त्यात ट्रान्सपोर्टरचा आयडी घाला. मग गाडी लागल्यावर भाग ब ट्रान्सपोर्टवाला त्याच्या लॉगिनने भरू शकतो. मुदतही भाग ब भरल्यापासून मोजली जाते, २०० किलोमीटरला एक दिवस, त्यामुळे दुपारी भरून ठेवण्यात नुकसान काही नाही. मात्र गाडी सोडण्याआधी भाग ब भरलेली प्रिंट हातात घ्या. अर्धवट बिलावर गाडी रस्त्यात पकडली गेली तर सोडवायला कराच्या दुप्पट दंड आहे, आणि तेव्हा ओटीपी कोणी दिला नव्हता हे कोणी विचारत नाही.

रायपूरचं. २४ तासांनंतर तुम्हाला कॅन्सल करता येत नाही हे बरोबर. पण माल घेणारी पार्टी ७२ तासांच्या आत पोर्टलवरून ते बिल नाकारू शकते. पुढच्या वेळी असं झालं तर लगेच पार्टीच्या अकाउंटंटला फोन लावा. साहेबांची वाट बघू नका.

आणि डायरीतला तो पासवर्ड खोडा हो. डायरी टेबलावरच असते ना?

---

एमआयडीसीतला जुना माणूस:

मी तुमच्या साहेबांच्याच खुर्चीत बरीच वर्षं काढली आहेत, कारखाना वेगळा. त्यांची बाजू घेत नाही, पण ते मस्टर का दाबतात ते सांगतो.

त्या मस्टरवरून एजन्सीचं बिल बनतं. त्यात जादा तास लिहिलेले असतील तर बिल फुगतं, आणि शेठ विचारतात मॅनेजरला, "एवढे तास कशाचे?" उत्तर द्यायला नको म्हणून माणूस सहीच लांबवतो. महिन्याच्या शेवटी अख्खा कागद समोर आला की त्याला तीस दिवसांचा हिशेब आठवायचा असतो, आणि त्याला पहिल्या आठवड्यात काय झालं ते आठवत नाही. मलाही आठवायचं नाही. मी पण पेपरवेटखाली सरकवायचो.

म्हणून महिन्याचं मस्टर महिन्याला नेऊ नका. दर शनिवारी त्या आठवड्याचं पान न्या. जादा थांबलात त्या दिवसापुढे गाडी नंबर लिहा, "अमुक गाडी, सव्वाआठला गेटबाहेर". आता शेठने विचारलं तर साहेबांकडे उत्तर तयार आहे. वेळही बघा: सकाळी आल्याआल्या नाही, तेव्हा प्रॉडक्शनवाले त्यांना घेरतात. अकराचा चहा झाला की जा. पेन सोबत न्या. हसू नका, पेन शोधण्यात माझ्या कितीतरी सह्या राहिल्या आहेत.

तोंडी हुकमांचं औषध व्हॉट्सॲप. त्यांनी काही सांगितलं की पाच मिनिटांत मेसेज टाका: "साहेब, आपण सांगितल्याप्रमाणे रायपूरचं बिल काढते. काही बदल असल्यास कळवावे." उत्तर येणार नाही. नको यायला. निळ्या खुणा पुरेशा आहेत. पण भाषा साधी ठेवा. "मागच्या वेळेसारखं होऊ नये म्हणून" असलं शेपूट जोडलंत की तो मेसेज पुरावा राहत नाही, भांडण होतं.

शेठजींकडे आत्ता जाऊ नका. कायम घ्यायचं खरंच चाललं असेल तर तुमच्याबद्दल पहिला प्रश्न याच साहेबांना विचारला जाणार आहे.

---

नंदुरबारची बाई:

मी पण आउटसोर्सिंगचीच, डेटा एन्ट्रीला. वर सगळ्यांनी साहेबांना कसं सांभाळायचं ते सांगितलं. पगाराचं कोणी नीट बोललं नाही, म्हणून लिहिते.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचा असतो, हा कायदा आहे. सही आली की नाही हा एजन्सी आणि कारखाना यांच्यातला प्रश्न, तुमचा नाही. आणि एजन्सीने दिलाच नाही तर ज्याच्याकडे तुम्ही काम करता त्या मूळ मालकावर ती जबाबदारी येते. म्हणजे "पगार एजन्सीचा विषय आहे" हे तुमच्या साहेबांचं वाक्य अर्धंच खरं. एजन्सीला हे मेसेजवर विचारा, फोनवर नको: "माझा पगार ७ तारखेपर्यंत का होत नाही, कृपया लेखी कळवावे." माझ्या बाबतीत ह्या एका ओळीने जेवढं काम केलं तेवढं महिनाभराच्या फोनांनी केलं नव्हतं. नाहीच हलले तर जळगावला सहाय्यक कामगार आयुक्तांचं ऑफिस आहे, पण ते शेवटी.

पीएफ कापतात का? कापत असतील तर यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) घ्या आणि सरकारच्या उमंग ॲपवर पासबुक बघा. तुमचे १२ टक्के कापून गेले आणि पासबुकात काहीच नाही, असं आमच्याकडे दोघींच्या बाबतीत निघालं. एजन्सी बदलली की त्यामागे धावायला कोणी सापडत नाही.

कायम करण्याचं म्हणाल तर मला ते गाजर चार साहेबांनी दाखवलं. लेटर हातात पडेपर्यंत दुसरीकडे अर्ज चालू ठेवा. यात बेइमानी काही नाही.

---

पारोळेकर:

बरं बुवा, शेठजींकडे नका जाऊ. पण नंदुरबारच्या ताईंचं मला पटलं. जुना माणूस म्हणतात ते सगळं ठीक, पण पेनसुद्धा हिनेच न्यायचं?

---

एमआयडीसीतला जुना माणूस:

पारोळेकर, पेन पाच रुपयांचं, पगार चौदा हजारांचा.

---

नशिराबादची:

सगळ्यांचे आभार. थोडं झालं, थोडं व्हायचंय.

भाग अ दुपारी भरायला सुरुवात केली. ट्रान्सपोर्टवाले काका आधी कुरकुरले, "हे आमचं काम नाही", मग त्यांच्या मुलाने मोबाइलवरच गाडी नंबर भरून दाखवला. आता गाडी सहाच्या आत निघते.

सब-यूजरचं साहेबांना विचारलं. "बघू." मग अकाउंट्सच्या ताईंना "बिल साहेबांच्या नावावर निघतं" हे सांगितलं, त्यांनी ते जेवताना साहेबांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले, "ते सब-यूजरचं करून घ्या." जणू त्यांचीच कल्पना! मी "हो साहेब" म्हटलं.

मस्टरवर पहिल्या शनिवारी सही मिळाली, दुसऱ्या शनिवारी साहेब सुट्टीवर. सोमवारी परत नेणार आहे. एजन्सीला लेखी विचारलंय, अजून उत्तर नाही. यूएएन मात्र दिला. पासबुकात दोन महिने दिसतात, बाकीचे नाहीत.

एक शंका. सब-यूजरला माझा स्वतःचा नंबर द्यायचा का? जूनमध्ये नाही घेतलं तर तो तिथेच अडकून राहील ना?

---

धुळ्याचा हिशेबनीस:

चांगलं विचारलंत. शक्यतो कारखान्याचं सिम मागा, डिस्पॅचच्या टेबलाचं म्हणून. नाहीच मिळालं तर स्वतःचा द्या, पण शेवटच्या दिवशी मुख्य लॉगिनमधून तुमचा सब-यूजर फ्रीज करून घ्या. तो पर्याय तिथेच आहे, दोन मिनिटांचं काम. फ्रीज झाल्याच्या स्क्रीनचा फोटो ठेवा, आणि "माझा ई-वे बिल आयडी आजपासून बंद केला आहे" असा मेसेज साहेबांना आणि अकाउंट्सच्या ताईंना दोघांना टाका. तुम्ही गेल्यावर त्या आयडीवरून कोणी बिल काढलं तर निस्तरायला तुम्हाला बोलावतील.

पीएफच्या राहिलेल्या महिन्यांचं जूनची वाट न बघता आत्ताच विचारा. महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, त्यामुळे जुन्या महिन्यांना "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर चालवून घेऊ नका. पगाराच्या स्लिपा आहेत ना तुमच्याकडे?

---

नशिराबादची:

तीनच आहेत. बाकीच्या उद्या मागते.