संगीत नाटकात पद सुरू झाले की काही जण अस्वस्थ का होतात?

मांडवीकाठ (पणजी)

नमस्कार. यंदाच्या जत्रेला आमच्या गावच्या मंडळींनी देवळाच्या प्रांगणात ‘मत्स्यगंधा’ सादर केले आणि मी माझ्या २२ वर्षांच्या भाच्याला आग्रहाने सोबत नेले. तो पुण्याला शिकतो, चित्रपट भरपूर पाहतो आणि पहाटेपर्यंत जागण्याचीही त्याची तयारी होती. दुसरे पद संपल्यावर त्याने हळूच विचारले, ‘मामा, ती आताच तर नीट बोलत होती, मग मध्येच गायला का लागली?’ त्याच्या स्वरात चेष्टा नव्हती. त्याला ते खरोखरच कळत नव्हते, आणि त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही याची रुखरुख अजून वाटते.

माझ्यापुरते सांगायचे तर ‘मत्स्यगंधा’ हेच माझे सर्वांत आवडते संगीत नाटक आहे. वसंत कानेटकरांचे हे नाटक दि गोवा हिंदु असोसिएशनने १९६४ साली रंगभूमीवर आणले. संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे, पराशर रामदास कामतांचा आणि सत्यवती आशालता वाबगावकरांची, त्यामुळे आपल्या मातीचा अभिमान त्यात आहेच. पण आवडण्याचे खरे कारण वेगळे आहे. ‘अर्थशून्य भासे मज’ हे पद येते तेव्हा सत्यवतीजवळ बोलण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. तेच तिने गद्यात म्हटले असते तर एका वाक्यात संपले असते आणि आपण पुढच्या प्रसंगाकडे वळलो असतो. पद तिला आणि आपल्याला त्या वाक्यापाशी धरून ठेवते. मला ते थांबणे हवे असते आणि भाच्याला नेमके तेच नको होते.

म्हणून दोन प्रश्न विचारतो. रंगभूमीवरची असो वा पडद्यावरची, आपली आवडती संगीतकृती कोणती आणि का? आणि ज्यांना हा प्रकार मुळातच रुचत नाही, त्यांनी कृपया संकोच न करता सांगावे की नेमके काय खटकते.

पायपेटी (फोंडा)

मी ३० वर्षांहून अधिक काळ उत्सवी नाटकांना ऑर्गनची साथ करीत आलो आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आपल्या भाच्याला जे खटकले त्याला बऱ्याच अंशी आम्ही मंडळीच जबाबदार आहोत, असे मला प्रांजळपणे वाटते, आणि ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले तेव्हा त्यात दोनशेच्या आसपास पदे होती. आजच्या माणसाला हा आकडा ऐकून धडकी भरेल, परंतु त्यातली पुष्कळशी पदे साकी, दिंडी, कामदा अशा सोप्या चालींची आणि चार-सहा ओळींत आटोपणारी होती. पात्र गद्यात एक वाक्य बोले आणि पुढचे वाक्य चालीवर म्हणे. कथा थांबत नसे, कारण गाणे हे बोलण्याचेच एक रूप होते. १९११ साली खाडिलकरांच्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या आणि तिथून रागदारी, ठुमरीची लज्जत नाट्यपदात आली. मराठी माणसाला त्यामुळे अपार सुख मिळाले, ते मी नाकारणार नाही. त्या चालींवर माझी बोटे घडली आहेत. पण पद आता विस्ताराला मोकळे झाले होते. पुढे ज्याच्या गळ्यात तान होती त्याने ती घेतली, प्रेक्षकांनी वन्समोअर दिला आणि नाटकाच्या मध्यावर मैफल बसू लागली.

एका जत्रेतला प्रसंग माझ्या कायम लक्षात राहिला आहे. नायकाचे पद चालू होते आणि तातडीचा निरोप घेऊन आलेला दूत रंगमंचाच्या कडेला हात जोडून उभा होता. वन्समोअरवर वन्समोअर पडत गेले. पाव तासाने नायक थांबला तेव्हा त्या दूताला, म्हणजे गावातल्याच एका शाळकरी मुलाला, आपले वाक्य आठवेना आणि तो रडवेला झाला. पेटीवर मीही होतो आणि मलाही त्या वेळी थांबावेसे वाटले नव्हते. ही चूक माझ्या मनाला पुढे फार लागली.

अभिषेकीबुवांचे मोठेपण मला म्हणूनच विशेष वाटते. त्यांनी पदांची संख्या आणि लांबी आवरली, मुखडा असा बांधला की दोन ओळींत भाव उभा राहावा, आणि तरीही चालीतली शास्त्रीय बैठक कुठे सैल होऊ दिली नाही. तथापि माझे सर्वांत आवडते नाटक विचाराल तर ते ‘सौभद्र’च. सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी ठरल्याची वार्ता अर्जुनाला नारदाकडून कळते, तिथपासून पुढचे प्रत्येक पद काहीतरी घडवते. कोणी कोणाला फसवते, कोणी रुसते, कोणी समजूत घालते. ‘सौभद्रा’तली पदे गाळून पाहा, नाटकच लंगडे होते. चांगल्या संगीत नाटकाची माझी कसोटी हीच आहे.

सासष्टीकर (मडगाव)

मला संगीत नाटक आवडत नाही, आणि आपण मनापासून विचारले आहे म्हणून मनापासून लिहितो. मी गाण्याचा शत्रू नाही. माझे बालपण तियात्र, म्हणजे आमची कोंकणी नाटके, पाहण्यात गेले आणि आजही रवींद्र भवनात नवा तियात्र लागला की मी शक्यतो चुकवत नाही. १८९२ साली मुंबईत पहिला प्रयोग झाल्यापासून तियात्रात कांतारे, म्हणजे गाणी, आहेतच. पण तिथे व्यवस्था निराळी असते. एक प्रवेश संपतो, पडदा पडतो, पडद्यापुढे गायक येऊन कांतार म्हणतो, त्यात कधी सरकारवर टीका असते, कधी घरातल्या म्हाताऱ्या आईबापांची व्यथा असते, आणि बहुतेकदा त्याचा मुख्य कथेशी काडीचा संबंध नसतो. ते आटोपले की पडदा उघडतो आणि कथा जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू होते. गाणे आणि कथा एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, त्यामुळे मला कशावरही विश्वास ठेवण्याचा प्रयत्न करावा लागत नाही.

संगीत नाटकात मात्र माझ्याकडून फार मोठी मागणी केली जाते. समोरची स्त्री दुःखाने व्याकूळ झाली आहे असे मी मानावे, आणि त्याच वेळी ती श्वास सांभाळून, साथीदाराकडे नजर टाकून, समेवर अचूक येते हेही पाहावे. मला ते जमत नाही. पद सुरू होताच नट माझ्या डोळ्यांदेखत पात्रातून बाहेर पडतो आणि गायक होतो. समोर बसलेल्या जाणकारांच्या माना डोलू लागतात आणि त्यांच्यात मी परका ठरतो. दुसरी अडचण भूमिका वाटपाची आहे. आमच्याकडे ज्याला गळा आहे त्याला नायकाची भूमिका मिळते, मग त्याचे वय, उभे राहणे, बोलणे कसेही असो. पन्नाशीतला अर्जुन मी अनेकदा पाहिला आहे. गाणाऱ्याच्या कलेविषयी मला पूर्ण आदर आहे, पण मी तिथे नाटक पाहायला गेलेला असतो.

शांतादुर्गेची लेक (डिचोली)

सासष्टीकर म्हणतात त्यात तथ्य आहे, आणि मला त्याचे एक कारण असे दिसते की आपल्यापैकी पुष्कळांनी ही पदे नाटकाआधी ऐकलेली असतात. आमच्या घरी आज्जी सकाळी पणजी आकाशवाणी लावायची आणि नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात ‘कुलवधू’तल्या भैरवीपासून ‘कट्यार’पर्यंत सगळे कानावर पडत असे. मूळ नाटक पाहण्याचा योग पुष्कळ वर्षांनी आला. त्यामुळे नाट्यगृहात आम्ही ‘पुढे काय होणार’ हे पाहायला बसत नाही, तर ‘हे पद आज कसे होणार’ हे ऐकायला बसतो. जो नव्याने येतो त्याला पुढे काय होणार हेच जाणून घ्यायचे असते. एकाच खुर्च्यांवर दोन वेगळ्या अपेक्षा बसलेल्या असतात आणि तान लांबली की एकाचा आनंद दुसऱ्याचा खोळंबा होतो. भाच्याला दोष देता येणार नाही आणि मामांनाही नाही.

‘कुलवधू’चा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगते. १९४२ सालचे मो. ग. रांगणेकरांचे हे नाटक माझे आवडते आहे, कारण त्यात घरातली माणसे आहेत आणि गाणी मोजकी आहेत. बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे त्यात नायिका होत्या. नायिका स्वतः अभिनेत्री असल्यामुळे ती गाते याचे कोणालाच नवल वाटत नाही.

दर्यावेळ (वास्को)

वरच्या प्रतिसादातले शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, आणि चित्रपटांच्या बाबतीत ते अधिकच खरे ठरते. मला संगीतपट मनापासून आवडतात. अनेक वर्षे पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की ‘माणसे एकाएकी का गातात’ या आक्षेपाला दिग्दर्शकांनी मुख्यतः दोन उत्तरे दिली आहेत.

पहिले उत्तर असे की गाणाऱ्याला गाण्याचे कारण द्यावे. बॉब फॉसीच्या १९७२ सालच्या ‘कॅबरे’त जवळजवळ सगळी गाणी बर्लिनमधल्या एका क्लबाच्या रंगमंचावर होतात. रस्त्यावर किंवा घरात कोणी गात नाही, आणि जे एक गाणे क्लबाबाहेर, उघड्यावर, एका तरुणाच्या तोंडी येते, त्याने अंगावर काटा येतो, कारण त्यात हळूहळू सगळा जमाव सामील होत जातो. ‘कट्यार काळजात घुसली’ हे याच जातीचे. १९६७ सालचे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक घ्या किंवा २०१५ सालचा चित्रपट घ्या, भांडणच मुळी दोन घराण्यांच्या गाण्याचे आहे, तेव्हा गाण्याला वेगळे निमित्त लागत नाही. ज्यांना संगीत नाटक नको असते त्यांनाही ‘कट्यार’ चालते, हा माझा घरातला अनुभव आहे.

दुसरे उत्तर अधिक धाडसी आहे. जाक दमीच्या १९६४ सालच्या ‘शेरबूरच्या छत्र्या’ या फ्रेंच चित्रपटात एकही वाक्य बोलले जात नाही. मोटार दुरुस्तीच्या दुकानातल्या हिशेबापासून विरहापर्यंत सगळे मिशेल लग्रांच्या सुरांत गायले जाते. सुरुवातीलाच दुकानातला एक कामगार म्हणतो की ऑपेरात सगळे सारखे गात असतात ते त्याला सोसवत नाही, त्यापेक्षा सिनेमा बरा, आणि तो हे गाऊनच सांगतो. पहिली दहा मिनिटे मला अवघड गेली. नंतर बोलणे आणि गाणे यांमधला सांधाच नाहीसा झाल्यामुळे मी तो शोधणेही सोडून दिले. स्थानकावरच्या निरोपाच्या प्रसंगात प्रेमाचे तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. ते नुसते बोलले गेले असते तर पोरकट वाटले असते, पण गायल्यामुळे ते खरे वाटतात. माझा सर्वांत आवडता संगीतपट हाच.

मला वाटते, भाच्याला गाणे खटकले नसावे, त्याला तो सांधा खटकला असावा. बोलता बोलता स्वर लागतो त्या अर्ध्या क्षणात नट चाचरला, थांबला, पेटीकडे पाहू लागला, की प्रेक्षक जागा होतो. २०१२ सालच्या ‘ले मिझराब्ल’मध्ये नटांनी आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवण्याऐवजी चित्रीकरणाच्या वेळीच प्रत्यक्ष गायले, ते याच सांध्यासाठी. त्यात काही आवाज कच्चे पडले, हे मान्य करावे लागेल, पण हुंदका आणि सूर एकाच श्वासात आले. सासष्टीकरांनी तो एकदा पाहावा अशी माझी विनंती आहे.

सासष्टीकर (मडगाव)

अवश्य पाहीन. ‘कट्यार’ मला आवडले होते, आणि का आवडले हे आज कळले. पन्नाशीतल्या अर्जुनाविषयीचे माझे मत मात्र कायम आहे.

मांडवीकाठ (पणजी)

सर्वांचे आभार. दर्यावेळ यांनी ज्याला सांधा म्हटले तो शब्द मी भाच्याला फोनवर सांगितला. तो लगेच म्हणाला की हो, गाणे सुरू झाल्यावर त्याला बरे वाटत होते, पण सुरू होण्याआधी नट क्षणभर थांबून घसा साफ करतो तेव्हा सगळे उघडे पडते. त्या नटाला मी गेली १५ वर्षे पाहतो आहे आणि तो घसा साफ करतो हे माझ्या कधी ध्यानातही आले नव्हते. पायपेटी, हा सांधा साधण्यात साथीदाराचा काही वाटा असतो का? आणि जवळपास कुठे ‘सौभद्र’ होणार असल्यास कृपया कळवावे. भाचा सुट्टीत येणार आहे.

पायपेटी (फोंडा)

वाटा असतो, आणि मोठा असतो. नट संवादाच्या शेवटच्या तीन-चार शब्दांवर आला की आम्ही ऑर्गनवर षड्ज, म्हणजे ‘सा’, अगदी हलका दाबून ठेवतो, इतका हलका की प्रेक्षकाला तो वेगळा ऐकू येऊ नये, पण नटाच्या कानात तो भरावा. चांगला नट त्याच स्वराच्या जवळ बोलणे आणतो आणि शेवटचा शब्द बोलता बोलताच पदात उतरतो. हे तालमीत घोटून घ्यावे लागते, आणि आम्ही बहुतेक वेळा पदाच्या ताना घोटतो व हे तीन-चार शब्द सोडून देतो.

‘सौभद्र’ आमच्याच गावच्या उत्सवात होणार आहे आणि तालमी देवळाच्या सभामंडपात रात्री साडेनऊला सुरू होतात. प्रयोगाआधी भाच्याला एखाद्या तालमीला घेऊन यावे. त्याला मी पुढे बसवणार नाही, ऑर्गनच्या बाजूला स्टुलावर बसवीन, म्हणजे नारद बोलत असतानाच माझा पाय भात्यावर कधी पडतो ते त्याला दिसेल.