लवचीक निब : मराठी लिखाणासाठी फाइन घ्यावी की एक्स्ट्रा फाइन?

नमस्कार. मी इंदूरला राहतो आणि रोजची टिपणे व पत्रे शाईच्या पेनानेच लिहितो. आता दाब दिल्यावर रेघ जाड होणारी, म्हणजे फ्लेक्स निब घ्यायचा विचार आहे. मात्र टोकाची जाडी फाइन (बारीक) घ्यावी की एक्स्ट्रा फाइन (अतिबारीक) हे ठरत नसल्यामुळे जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पाकिटावरचे इंग्रजी पत्ते कॉपरप्लेट वळणाने आणि आतला मजकूर मराठीत, असा माझा दुहेरी वापर असेल. कॉपरप्लेटमध्ये खाली येणारी रेघ दाबून आणि वर जाणारी हलक्या हाताने काढतात. मूळ रेघ जितकी बारीक तितका जाड-बारीक फरक उठून दिसतो, त्यामुळे तिथे एक्स्ट्रा फाइनच सरस. देवनागरीचे तसे नाही. आपल्या अक्षरांची जाडी तिरप्या कापलेल्या बोरूतून आली आहे. ती दाबाने नव्हे, तर रेघेच्या दिशेने ठरते. मित्राची फाइन फ्लेक्स निब वापरून पाहिली, तेव्हा काने ठसठशीत उमटले, शिरोरेघ मात्र बारीकच राहिली, आणि हात जरा जड पडताच ‘क्ष’ आणि ‘द्ध’ यांची पोटे शाईने भरून गेली. (बोरूचे वळणच हवे असेल तर तिरपी कापलेली निब घ्यावी, हे मला मान्य आहे, पण मग पत्त्यांचे काय?)

माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. एक, कॅनराइट या भारतीय कंपनीची ३५ मिमी लांबीची, ६ क्रमांकाची पोलादी फ्लेक्स निब. दुसरा, पायलट या जपानी कंपनीचे फाल्कन हे पेन. त्याची निब १४ कॅरट सोन्याची असून ती सॉफ्ट फाइन आणि सॉफ्ट एक्स्ट्रा फाइन अशा दोन्ही जाडीत मिळते. जपानी फाइन युरोपीय फाइनपेक्षा सहसा बारीक असते, म्हणून फाल्कनमध्ये फाइनवरच भागेल असा माझा अंदाज आहे. पण ती जुन्या फ्लेक्स निबांइतकी उघडत नाही आणि किंमत तर कितीतरी पट आहे.

माझ्या शंका अशा : खजुरी बाजारात मिळणाऱ्या साध्या वहीच्या कागदावर एक्स्ट्रा फाइनचे टोक वर जाताना कागदाचे तंतू उचलते का? पोलादी निब पूर्ण उघडल्यावर शाई अपुरी पडून मधली जागा कोरी राहते आणि दोन समांतर रेघा उमटतात. एबोनाइटच्या (कडक रबराच्या) फीडने, म्हणजे निबेखालच्या शाई पुरवणाऱ्या भागाने, हे कितपत थांबते? मराठी मजकूर नियमितपणे फ्लेक्स निबेने लिहिणाऱ्यांनी आपली निब, शाई आणि कागद यांची नावे दिल्यास फार मदत होईल. शक्य असल्यास जोडाक्षरे असलेल्या दोन-चार ओळींचे छायाचित्रही द्यावे.