मदत हवी आहे: मिनी ट्रॅक्टरची कंपनी बदलू का? एक्स्चेंजची मुदत संपत आलीय

मोरनदी_यावल
मंडळी, मिनी ट्रॅक्टर बदलायचाय. वडिलांच्या काळापासून आमच्याकडे एकाच कंपनीचे ट्रॅक्टर. आता दुसऱ्या कंपनीच्या शोरूमवाल्याने जुन्याला बरा भाव दिलाय, पण म्हणतो हा भाव महिनाअखेरपर्यंतच. घरात दोन तट पडलेत. मोठा भाऊ म्हणतो कंपनी सोडू नको, मला वाटतं आता पुरे झालं. ज्यांनी कंपनी बदललीय त्यांनी फायदा-तोटा सांगा. मृग बागेच्या, म्हणजे पावसाच्या तोंडावरच्या केळी लागवडीच्या आधी ट्रॅक्टर दारात हवा. लवकर सांगा.

निंभोरा_केळी
कुबोटा घे भो, जास्त विचार करू नको. माझ्याकडे निओस्टार बी २४४१ आहे, २४ एचपी, फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर. तीन सिलिंडर असल्यामुळे हादरे कमी, दिवसभर बसलं तरी कंबर धरत नाही. पुढच्या चाकांना बेव्हल गिअर आहे, त्यामुळे बांधाजवळ वळताना दोनदा मागे-पुढे करावं लागत नाही. पूर्वी प्रत्येक ओळीच्या टोकाची एक-दोन रोपं चिरडली जायची, ती आता वाचतात.

आप्पा_चोपडा
अरे बाबा, सध्याचा ट्रॅक्टर कोणता, किती एचपी, टू-व्हील का फोर-व्हील, जमीन कोणती, केळी किती अंतरावर, काहीच लिहिलं नाहीस. "पुरे झालं" म्हणजे नेमकं काय झालं? सल्ला काय हवेत द्यायचा?

शिरपूरकर
आधी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर अर्ज टाका. पूर्वसंमती यायच्या आत खरेदी केली तर अनुदान मिळत नाही, बिलाची तारीख बघतात. सातबारा, आठ-अ, आधारला जोडलेलं बँक खातं तयार ठेवा. माझ्या ओळखीच्या एकाने घाईत उचलला आणि हात चोळत बसला.

मोरनदी_यावल
शिरपूरकर, अनुदानाचं मी विचारलं नाही दादा. मोठ्या ट्रॅक्टरवर आमच्या कुटुंबाने मागेच घेतलंय.
आप्पा, कंपनीचं नाव लिहीत नाही. डीलर ओळखीचा आहे आणि गावातले बरेच जण इथे वाचतात. १८ एचपीचा आहे, टू-व्हील. केळी आणि थोडी कपाशी. जमीन काळी, खाली नदीकडे फार चिकट. त्रास तीन आहेत: पावसात चाकं जागेवर फिरतात, अवजार उचलणारं हायड्रॉलिक ते वर धरून ठेवत नाही आणि पार्ट मागवला तर यायला आठवडे जातात. गेल्या हंगामात ऐन कामात उभा राहिला. आता सांगा.

कपाशी_पारोळा
भाऊ, मनं ऐक. मिनी ट्रॅक्टरना नाद सोड. बैलजोडी शे ना तुनाकडे? केळीत कोळपं बैलांनी चालवायचं, बाकी कामाला घरचा मोठा ट्रॅक्टर आहेच. केळीची मुळं वरच्या फूटभर मातीत पसरलेली असतात. रोटाव्हेटरची फिरती पाती घातली की तुटतात, मग घड लहान पडला की खताला दोष देत बसायचं.

निंभोरा_केळी
दादा, बैल सांभाळायला माणूस कुठून आणायचा? सालदार मिळत नाही हे पारोळ्यालाही खरं आहे आणि यावललाही. शिवाय रोटाव्हेटर आम्ही लागवडीनंतर सुरुवातीचे तीन-चार महिनेच चालवतो, तोही वर-वर. पानं एकमेकांना भिडली की आत कोणी जातच नाही.

कपाशी_पारोळा
वर-वर म्हणजे किती, ते ड्रायव्हर ठरवतो, मालक नाही. मी स्वतःच्या शेतात पाहिलंय. झाडाच्या बुंध्यापासून दीड फुटावर पातं गेलं की पांढरी मुळं मातीवर येतात.

मिस्त्री_भुसावळ
मोरनदीभाऊ, वीस वर्षांहून जास्त काळ ट्रॅक्टरचंच काम करतोय, म्हणून जरा मोठं लिहितो.

तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी कंपनीच्या एकाच खुंटीला टांगल्यात. चाकं फिरतात ती टू-व्हील आहे म्हणून. चिकट काळ्या रानात १८ एचपीचा हलका टू-व्हील कोणत्याही कंपनीचा असो, फिरणारच. तुमच्या जुन्या कंपनीकडे फोर-व्हील मिनी आहे का, हे विचारलं का? नसेल तर तुमची तुलना जुन्या टू-व्हीलची नव्या फोर-व्हीलशी चाललीय. तिथे नवा जिंकणारच, बोनेटवर कोणाचंही नाव असो.

हायड्रॉलिकचं घरीच तपासा. अवजार पूर्ण वर उचला, इंजिन बंद करा, लिव्हरला हात न लावता बाजूला उभे राहून बघा. खाली कोणाला जाऊ देऊ नका. हळूहळू उतरत असेल तर सिलिंडरमधलं सील किंवा व्हॉल्व्ह गेलाय. हे दुरुस्तीचं काम आहे, ट्रॅक्टर बदलायचं नाही. आणि बदलायचाच असला तरी करून घ्या, एक्स्चेंजवाला उचलून बघतोच आणि त्यावरच भाव पाडतो.

राहिला पार्टचा प्रश्न. तो खरा आहे आणि तेवढ्याच कारणाने कंपनी बदलणारे मी पाहिलेत. पण नव्या कंपनीचं पार्टचं दुकान तुमच्यापासून किती लांब? शोरूम जवळ असणं आणि पार्ट जवळ असणं या वेगळ्या गोष्टी. जाऊन काउंटरवर क्लचप्लेट, पुढच्या ॲक्सलचं ऑइल सील आणि हायड्रॉलिक फिल्टर मागा. "उद्या येईल" म्हणाला तर उद्याच परत जा.

आप्पा_चोपडा
मिस्त्रींनी माझ्या मनातलं लिहिलं. अंतर अजून सांगितलं नाहीस बेटा. पाच बाय पाच फूट का सहा बाय पाच?

मोरनदी_यावल
पाच बाय पाच.

आप्पा_चोपडा
मग टेप घेऊन शोरूमला जा. मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोज, कागदावरचा आकडा धरू नको. पाच फुटांत दोन्हीकडे बुंध्याची जाडी आणि ठिबकची नळी जाते. नळ्या उचलून झाडाशी बांधायला माणूस लागतो, तो खर्च कोणी धरत नाही. मी तर म्हणेन यंदा सहा बाय पाचवर लाव.

निंभोरा_केळी
आप्पा, पाच बाय पाचवर एकरी १७४२ झाडं बसतात, सहा बाय पाचवर १४५२. ट्रॅक्टरसाठी एकरी २९० घड सोडायचे?

आप्पा_चोपडा
सोडायचे नाहीत, बदल्यात हवा आणि ऊन घ्यायचं. दाट बागेत करपा किती येतो ते तुला माहीत आहे. घड कमी पण भरलेला, हा माझा अनुभव.

वाघूर_२
मध्येच विचारतो, क्षमा असावी. बऱ्हाणपूरला आज केळीचा काय भाव निघाला? आमच्याकडे व्यापारी रावेरच्या भावापेक्षा कमी सांगतोय.

कपाशी_पारोळा
तो नेहमीच कमी सांगतो. बोर्डाचा भाव आणि शेतातला भाव कधी जुळलाय?

मोरनदी_यावल
भाऊ, भावाचा धागा वेगळा काढा ना. इथे माझे दिवस चाललेत. दोन मॉडेल डोळ्यांसमोर आहेत: कुबोटाचा बी २४४१ आणि महिंद्राचा जिवो २४५. दोन्ही २४ एचपी, दोन्ही फोर-व्हील. आमची जुनी कंपनी या दोन्हीपैकी नाही.

तापीकाठ_रावेर
जिवो घे. दोन सिलिंडरचा आहे, इंजिन मोठं, कमी फेऱ्यांवर ओढतो. आपल्याकडे महिंद्राचा मिस्त्री गावोगाव आहे आणि पुढे विकायला गेलास तर गिऱ्हाईक बांधावर येतं. ट्रॅक्टर कायम ठेवायचा नसतो, विकताना काय मिळतं तेही कमाईतच धरायला हवं.

निंभोरा_केळी
तीन सिलिंडरचा आवाज आणि हादरा एकदा अनुभवून बघ, मग बोल. मी तीन हंगाम वापरलाय.

तापीकाठ_रावेर
हादऱ्याने पीक येत नाही रे. रोटाव्हेटर जड रानात घातल्यावर इंजिन दबतं का, एवढंच बघायचं.

मिस्त्री_भुसावळ
दोघंही खरं बोलताय, पण पुरं नाही. इंजिनाचा एचपी दोन्हीकडे २४ असला तरी पीटीओपर्यंत, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यापर्यंत, किती पोचतो तो आकडा वेगळा असतो, माहितीपत्रकात तो पाहा. रोटाव्हेटर आणि फवारणीचा ब्लोअर दोन्ही पीटीओवरच चालतात. केळीत ट्रॅक्टरचं निम्मं काम तेच आहे, ओढण्याचं नाही.

आणि कंपनी बदलताना लोक अवजारांचा विचार शेवटी करतात, तो आधी करा. मोरनदीभाऊ, रोटाव्हेटरच्या खालच्या दोन पिना मोजा. जोडणीच्या मापाच्या कॅटेगरी असतात: एकला २२ मिलिमीटर जाडी, दोनला २८. मिनीला कॅटेगरी एक लागते. पिना जुळल्या तरी दोन पिनांमधलं अंतर कमी-जास्त असू शकतं, तेही बघा. मग पीटीओला अवजार जोडणारा शाफ्ट. नव्या ट्रॅक्टरवर पीटीओपासून अवजारापर्यंतचं अंतर बदलतं. अवजार खाली टेकवून एकदा आणि वर उचलून एकदा, दोन्ही वेळा शाफ्ट बघा. लांब पडला तर उचलताना आतल्या आत टेकतो आणि गिअरबॉक्सची बेअरिंग खातो, आखूड पडला तर चालू कामात निसटतो. निसटलेला फिरता शाफ्ट माणूस मारतो. लांब असेल तर कापून घ्या, आखूड असेल तर नवाच घ्या, जोड देऊ नका.

शिरपूरकर
किंमत बघताना १२ टक्के जीएसटी धरा, त्यात विमा आणि पासिंग वेगळं.

आप्पा_चोपडा
शिरपूरकर, १२ टक्के जुनं झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवर ५ टक्के आहे. पार्ट आणि टायरही १८ वरून ५ वर आले. कोटेशनवर १२ लावलेलं दिसलं तर तिथेच बोट ठेव, बेटा.

शिरपूरकर
बरोबर आहे आप्पा, माझ्याकडचं कोटेशन त्याआधीचं आहे.

अमळनेर_स्वराज
महिंद्रा कशाला? स्वराज बघा, मिस्त्री सोपा, इंजिन साधं. मी महिंद्रा सोडून स्वराज घेतला आणि सुखात आहे.

मिस्त्री_भुसावळ
स्वराज २००७ पासून महिंद्राच्याच घरात आहे. इंजिनं आणि पार्ट वेगळे, हे खरं, पण "कंपनी सोडली" असं म्हणताना एवढं लक्षात असू द्या. तसंच एस्कॉर्ट्सचं नाव २०२२ पासून एस्कॉर्ट्स कुबोटा झालंय. शोरूमच्या पाटीवर कुबोटा दिसलं म्हणजे आत मिनीचे पार्ट असतीलच असं धरू नका, आत जाऊन विचारा.

मोरनदी_यावल
मिस्त्री, तुम्ही म्हणालात तसं करून बघितलं. रोटाव्हेटर वर ठेवून इंजिन बंद केलं. चहा होईपर्यंत पाती मातीला टेकली, म्हणजे सीलच. पिना २२ च्या आहेत, ठीक. जुन्या डीलरला फोर-व्हीलचं विचारलं तर म्हणतो मागवून देतो, तारीख सांगत नाही. कुबोटाच्या काउंटरवर ऑइल सील आणि फिल्टर लगेच हातात दिले, क्लचप्लेट नाही म्हणाला. महिंद्राकडे तिन्ही होतं, पण जिवो डेमोला उभा नाही, पुढच्या आठवड्यात येईल म्हणतात. रुंदी अजून मोजायचीय.

मिस्त्री_भुसावळ
मग डेमो तुमच्या खालच्या चिकट रानात घ्या, शोरूमच्या मागच्या भुसभुशीत जमिनीत नको. रानाला आधी पाणी द्या, वाफसा व्हायच्या जरा आत ट्रॅक्टर घाला. तुमचाच रोटाव्हेटर लावा, त्यांचा नको. डांबरी रस्त्यावर लिव्हरने फोर-व्हील बंद ठेवायचं, हे ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगा. आणि पुढे कधी टायर बदललात तर कंपनीने दिलेल्या मापाचाच घ्या. पुढच्या आणि मागच्या चाकांचं प्रमाण बिघडलं की सगळा ताण पुढच्या गिअरवर येतो.

निंभोरा_केळी
माझ्याकडे येऊन चालवून बघ, बाग सावद्याच्या रस्त्याला आहे. पाच बाय पाचचीच आहे, टेप घेऊन ये.

मोरनदी_यावल
येतो भाऊ, रविवारी. मोठ्या भावालाही आणतो, त्याच्या हातात स्टिअरिंग दिल्याशिवाय तो ऐकणार नाही.
एक शेवटचं विचारतो: एक्स्चेंजवाला म्हणतो जुन्याचे कागद आज सही करून द्या, भाव पक्का करतो. देऊ का? जुन्यावर बँकेचं कर्ज फिटलंय.

आप्पा_चोपडा
नको. फिटलंय म्हणजे आरसी बुकावरचा बोजा उतरलाय का? बँकेची ना-हरकत आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आरटीओत गेल्याशिवाय उतरत नाही. नवा ट्रॅक्टर ठरल्याशिवाय मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करू नको, कोऱ्या फॉर्मवर तर मुळीच नको. दिल्यावर तो ट्रॅक्टर कोणाच्या नावावर गेला त्याची नक्कल माग. नाव तुझंच राहिलं आणि कुठे अपघात झाला तर नोटीस तुझ्या दारात येते. भाव पक्का करायचा असेल तर तो लेटरहेडवर तारखेसह लिहून देईल. द्यायला तयार नसेल तर तो भाव नव्हताच.

मोरनदी_यावल
बोजा उतरलाय का ते बघितलेलं नाही. सोमवारी बँकेत जातो. तोवर सही नाही.

वाघूर_२
मोरनदीभाऊ, तुमच्या जुन्या ट्रॅक्टरचं सील बदलून झालं आणि एक्स्चेंजला दिला नाही, तर मला कळवा. माझं रान हलकं मुरमाड आहे, टू-व्हील चालतो. शोरूमवाला देतोय त्यापेक्षा थोडं जास्तच देईन.