सल्ला हवा: डॉक्टरांकडे कानातला मळ काढायला जाण्याआधी घरी काय तयारी करावी?

प्राजक्ता_सातारा
बाबांच्या (वय ७२) उजव्या कानात दडा बसलाय, डाव्यानेही कमी ऐकू येतं. फॅमिली डॉक्टरांनी कान बघून दोन्हीकडे मळ आहे, उजवा पूर्ण भरलाय असं सांगितलं. ईएनटीची वेळ येत्या गुरुवारी मिळाली आहे. मेडिकलवाल्याने मळ मऊ करणारे थेंब दिलेत. बाबांना मधुमेह आहे, क्लोपिडोग्रेल चालू आहे, आणि दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. प्रश्न असे: थेंब किती नि किती दिवस? रक्त पातळ करायची गोळी थांबवायची का? यंत्रं लावायची की नाही? आणि गुरुवारीच ऐकण्याची तपासणीही उरकून घेतली तर चालेल का?

कर्णपटल
थेंबांची बाटली उघडण्याआधी बाबांना तीन गोष्टी विचारा. पूर्वी कधी कान वाहत होता का, पडद्याला भोक असल्याचं कुणी सांगितलंय का, कानाचं ऑपरेशन झालंय का? आत्ता कान दुखतोय, त्यातून पाणी, पू, रक्त येतंय का? ऐकू येणं हळूहळू कमी झालं की एका दिवसात गेलं?

पहिल्या दोनपैकी एकाचंही उत्तर 'हो' असेल तर त्या कानात काहीच घालू नका. थेंब नाही, तेल नाही, पाणीही नाही. फॅमिली डॉक्टरांनी कान पाहिला म्हणजे पडदा पाहिला असं होत नाही. कानाची नळी मळाने भरलेली असली की पडदा दिसतच नाही, त्यामुळे जुनी हकीकत हाच त्या वेळचा पुरावा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. ऐकू येणं एकाएकी गेलं असेल तर गुरुवारची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. तो कानाच्या नसेचा बहिरेपणा असू शकतो, त्यावर स्टिरॉइड जितक्या लवकर सुरू होतील तितका उपयोग, दोन आठवड्यांनंतर फारसं हाती लागत नाही. 'मळ असेल' म्हणून आठवडाभर थेंब घालत बसलेले रुग्ण ओपीडीत नेहमी येतात.

सगळी उत्तरं 'नाही' असतील तर गुरुवारसाठी रविवारपासून सुरू करा. दिवसातून ३ वेळा, दर वेळी ४-५ थेंब. बाटली २-३ मिनिटं मुठीत धरून कोमट होऊ द्या. गरम पाण्यात बुडवायची नाही. थेंब शरीराहून फार गार किंवा गरम असले की आतला तोल सांभाळणारा भाग चाळवतो आणि गरगरतं. दुसऱ्या कुशीवर झोपवा, कान वर आणि मागे ओढा म्हणजे नळी सरळ होते (३ वर्षांखालच्या मुलांचा खाली आणि मागे ओढतात). थेंब नळीच्या भिंतीवरून घरंगळू द्या. मध्यावर टाकले की खाली हवा अडकते नि औषध तोंडाशीच राहतं. मग कानाच्या तोंडापुढचा कूर्चेचा उंचवटा ५-६ वेळा दाबा. १० मिनिटं तसंच पडून राहायचं, उठल्यावर बाहेर आलेलं फक्त टिपायचं. कापसाचा बोळा आत खुपसू नका, सगळं औषध तो पितो.

क्लोपिडोग्रेल स्वतःहून थांबवू नका. मळ काढायला ते थांबवावं लागत नाही. फक्त खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे हत्याराने खरवडण्याऐवजी ते सक्शन (बारीक नळीने मळ ओढून घेणं) जास्त वापरतील. वॉरफेरिन (रक्त पातळ करणारं दुसरं औषध) घेणाऱ्यांनी शेवटचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) सोबत न्यावा.

गोळी_चूर्ण
थेंबांबद्दल फार्मसीच्या बाजूने. आपल्याकडे मळासाठी मिळणाऱ्या बहुतेक थेंबांत चार गोष्टी असतात: पॅराडायक्लोरोबेन्झिन २%, बेन्झोकेन २.७%, क्लोरब्युटॉल ५% आणि टर्पेंटाइन तेल १५%. ब्रँड बदलला तरी घटक सहसा तेच. पहिल्या थेंबाला किंचित चुरचुरलं तर हरकत नाही, पण आग होत राहिली, कानाचं तोंड लाल झालं किंवा खाज सुटली तर बंद. दाताच्या डॉक्टरांकडे भूल दिल्यावर पूर्वी अंगावर उठलं असेल तर बेन्झोकेनबद्दल आधी विचारा. ५-६ दिवसांपलीकडे हे थेंब ओढू नका, टर्पेंटाइनने नळीची त्वचा सोलवटते.

एका कानाला ४ दिवसांत जास्तीत जास्त ६० थेंब, म्हणजे साधारण ३ मिली. १० मिलीची एक बाटली दोन्ही कानांना पुरून उरते. दुसरी घेऊ नका.

एक इशारा. जखम धुवायच्या हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली कानासाठी वापरू नका. दुकानात मिळणारं द्रावण बहुधा ६% च्या आसपास असतं, कानासाठी ते तीव्र. शिवाय फेसाने आतला मळ फुगून पडद्याशी सरकतो.

महाग थेंब घेतले म्हणजे मळ लवकर निघतो असंही नाही. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) ५ दिवस काहीतरी घालणं हे काहीच न घालण्यापेक्षा सरस दिसलं, पण एक औषध दुसऱ्यापेक्षा चांगलं, किंवा साध्या पाण्या-सलाइनपेक्षा चांगलं, असं ठरवण्याइतका पुरावा मिळाला नाही.

रानजाई
मग घरचं तेल का नको? आमच्याकडे लसूण कडवलेलं तेल घालतात. खोबरेल तर सगळ्यांकडे असतं.

कर्णपटल
@रानजाई, पडदा शाबूत असेल तर साधं ऑलिव्ह किंवा बदामाचं तेल मळ मऊ करायला चालतं. खोबरेल थंडीत गोठतं (२४ अंशांखाली), आणि साताऱ्याच्या डिसेंबरात ते कानात जाईपर्यंत पातळ करायला गरम करावं लागतं, तिथेच घोळ होतो. लसणाचं तेल नकोच. कडवलेल्या तेलाने नळीची त्वचा भाजलेली आम्ही पाहतो, आणि कच्च्या लसणाच्या रसानेही फोड येतात.

पावसाळ्यात आणखी एक. कानाला खूप खाज, जड वाटणं आणि ओलसरपणा असेल तर तो मळ नसून बुरशी असू शकते. आत पाहिलं की वर्तमानपत्राच्या ओल्या लगद्यासारखं काहीतरी आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. त्यावर तेल घालत राहिलं की दडा सुटत नाही, वाढतो.

ध्वनिमापक
श्रवणयंत्रांबद्दल. थेंब घातल्यावर यंत्र लगेच लावू नका. रिसीव्हर (यंत्राचा बारीक स्पीकर) कानात जाणाऱ्या यंत्रांत तेलकट थेंब थेट रिसीव्हरच्या तोंडात शिरतात आणि तो मुका होतो, मग मळ काढूनही 'ऐकू येत नाही' ही तक्रार तशीच. रात्रीचा डोस झोपताना घाला, दिवसाच्या दोन डोसांनंतर तासभर यंत्र बाहेर ठेवा. जमत नसेल तर हे चार दिवस बाबांनी डाव्या कानाच्या यंत्रावर काढावेत.

गुरुवारी यंत्रं डबीत घालून न्या, सोबत नवे वॅक्स गार्ड (रिसीव्हरच्या टोकावरची पांढरी जाळी). कान साफ झाला की जाळी बदलून मगच लावा. यंत्र सारखं शिट्टी मारत असेल तर त्याचं एक कारण हा मळच, आवाज त्यावर आपटून परत येतो.

ऐकण्याची तपासणी मळ निघाल्यावरच, पण त्याच तासात नको. सक्शनच्या आवाजाने कान थोडा वेळ बधिर वाटू शकतो, नळीत ओलही राहते. दोन-तीन दिवसांनी करा. यंत्रासाठी कानाचा साचा घ्यायचा असेल तर नळीची त्वचा बरी झाल्यावर.

घरी एक खूण बघता येते. बाबांना तोंड मिटून 'म्‌ऽऽ' असं गुणगुणायला सांगा. आवाज जास्त दडा बसलेल्या कानात मोठा वाटला तर अडथळ्याची शक्यता जास्त. तो दुसऱ्याच कानात मोठा वाटला तर नसेकडे संशय जातो. दोन्ही कानांत मुळात बहिरेपणा असेल तर ही खूण फसते, म्हणून तिच्या भरवशावर काही ठरवू नका, फक्त डॉक्टरांना सांगा.

प्राजक्ता_सातारा
सगळ्यांचे आभार. विचारलं तर बाबा म्हणाले, लहानपणी डावा कान बरीच वर्षं वाहायचा, नंतर आपोआप थांबला. एकाएकी काही झालेलं नाही, दुखतही नाही. काल रविवार म्हणून फक्त उजव्यात थेंब सुरू केले. आज त्या कानाने आधीपेक्षाही कमी ऐकू येतंय.

कर्णपटल
उजव्याचं अपेक्षितच आहे. मळ ओला होऊन फुगतो आणि उरलीसुरली फटही बुजते. गुरुवारपर्यंत असंच राहील. वेदना, ताप किंवा सतत फिरणारी चक्कर आली तरच थेंब थांबवून आधी दाखवा.

डाव्यात काहीही घातलं नाहीत, उत्तम. वाहणं थांबलं म्हणजे भोक बुजलं असं नसतं, कोरडं भोक तसंच राहू शकतं. डाव्याला पिचकारीने पाणी मारायचं नाही, हे बाबांनी खुर्चीत बसायच्या आधी सांगायला हवं. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली कोरड्या पद्धतीने, सक्शन आणि बारीक हत्याराने काढतील. जुन्या वाहणाऱ्या कानात वरच्या कोपऱ्यात मळासारखी दिसणारी खपली कधी कधी मळ नसतेच, हाड खाणारा आजार (कोलेस्टिॲटोमा) असतो. म्हणूनही डावा कान घाईत धुऊन मोकळं होणाऱ्याकडे नको.

मधुमेहात उजव्यालाही सक्शनच बरं. नळीत पाणी साचून राहिलं आणि त्वचेला ओरखडा असला तर स्यूडोमोनास जंतूला फावतं. मधुमेहींच्या वयस्क कानात तो संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. धुवायचं ठरलंच तर पाणी ३७ अंशांचं हवं, आणि नंतर नळी नीट कोरडी करून द्यायला सांगा.

सिस्टर_ओपीडी
दवाखान्यातल्या गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही.

फोन करून विचारा: सक्शन आणि सूक्ष्मदर्शक किंवा एंडोस्कोप आहे का, की फक्त पिचकारी? मळ काढायचे पैसे तपासणी फीमध्ये धरलेत की वेगळे, एका कानाचे की दोन्हीचे? दुसऱ्या बैठकीचे पुन्हा पडतात का?

उपाशी नेऊ नका. मधुमेहाची गोळी नि नाश्ता नेहमीच्या वेळी. खुर्चीत घेरी येणाऱ्यांत न जेवता आलेले बरेच असतात.

यंत्रं काढली की बाबांना 'हलू नका' हेही ऐकू येणार नाही! म्हणून आत कुणीतरी जा आणि आधीच खुणा ठरवा: दुखलं तर डावा हात वर, डोकं मात्र झटकायचं नाही. कागद-पेन खिशात ठेवा. चष्मा काढावा लागतो.

सक्शनचा आवाज कानात खूप मोठा वाटतो, हे आधी सांगून ठेवा. वाहत्या हवेने नळी गार होते, त्यामुळे पाच-दहा सेकंद गरगरू शकतं. हात वर केला की थांबतात, एका जागी नजर लावून बसलं की जातं. मधूनच कोरडा खोकला येतो, तोही नळीतल्या नसेमुळे (व्हेगसची फांदी). त्यात काळजीचं काही नाही.

एक मतभेद नोंदवते. गुरुवारी सकाळी थेंब घालू नका, शेवटचा डोस बुधवारी रात्री. नळीत पातळ औषध तुंबलेलं असलं की सूक्ष्मदर्शकातून नीट दिसत नाही. काही डॉक्टर सकाळीही घाला म्हणतात, तर त्यांचं ऐका.

लेस्टरकर
इंग्लंडात पालक असतील त्यांच्यासाठी: इथे अनेक जीपींकडे (फॅमिली डॉक्टर) हे काम आता होत नाही, खासगी ऑडिऑलॉजिस्टकडे (ऐकण्याची तपासणी करणारे) मायक्रोसक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली सक्शन, करून घ्यावं लागतं. बहुतेक ठिकाणी आधी काही दिवस ऑलिव्ह तेल घालायला सांगतात. इथले ऑडिऑलॉजिस्ट मळ काढतात म्हणून भारतात गेल्यावर यंत्राच्या दुकानात काढून मागू नका, तिथे ईएनटीच.

प्राजक्ता_सातारा
एका बैठकीत नाही निघाला तर?

कर्णपटल
जोर लावायला सांगू नका. पडद्याला चिकटलेला कडक मळ ओढला की रक्त येतं. डॉक्टर सांगतील तसे आणखी काही दिवस उजव्यात थेंब आणि दुसरी बैठक, हे अगदी नेहमीचं आहे. डाव्याचं मात्र डॉक्टर पडदा पाहून ठरवतील, तोवर डावा कोरडाच.

नंतर २-३ दिवस दोन्ही कानांत पाणी जाऊ देऊ नका. अंघोळीला कापसाला व्हॅसलीन चोळून फक्त कानाच्या तोंडाशी ठेवायचा. यंत्र त्याच संध्याकाळी लावता येतं, पण नळी खरचटली असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस नाही. दुसऱ्या दिवशीनंतरही दुखत राहिलं, पू आला किंवा चक्कर थांबली नाही तर परत दाखवा. मधुमेह आहे, तेव्हा रात्री झोपू न देणारं कानदुखणं एक दिवसही अंगावर काढू नका.

पुढे बड्स, पिन, कॅमेऱ्याची कानकोरणी, स्टेशनबाहेरचे कान साफ करणारे, सगळं बंद. मळ नळीच्या बाहेरच्या एक-तृतीयांश भागातच तयार होतो आणि त्वचेबरोबर आपोआप बाहेर सरकतो, काडीने तो आत ढकलला जातो. यंत्र वापरणाऱ्यांच्या कानात तो अडतो, म्हणून दर सहा महिन्यांनी फक्त बघून घ्या. त्रास नसेल आणि पडदा दिसत असेल तर थोडा मळ राहू द्यावा.

ध्वनिमापक
आणि गुरुवारी जाताना यंत्रांची जुनी ऑडिओग्रामची (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) कागदं न्या. डाव्या पडद्याला भोक निघालं तर त्या कानाला कानबंद साचा चालेल की हवेशीर, हे त्यावरूनच ठरेल.