पाच तारांच्या बेससाठी कॅबिनेट: १५ इंचीच ठेवू, की ४ बाय १० (१० इंची चार स्पीकर) / २ बाय १२ घेऊ?

पाचतारी (पुणे)

नमस्कार मंडळी,

मी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो, शिवाय मित्रांचा एक रॉक बँड आहे. गिटार पाच तारांची, ॲम्प क्लास डी, ४ ओमला ५०० वॅट. अडचण कॅबची (स्पीकरच्या खोक्याची) आहे. सध्याचं कॅब ओळखीच्या सुताराकडून करून घेतलंय. १८ मिमी प्लाय, आत ८ ओमचा १५ इंची पीए स्पीकर, पुढे दोन गोल भोकं. हॉर्न (वरच्या पट्टीसाठीचा छोटा स्पीकर) नाही.

घरी एकट्याने वाजवलं की आवाज भरदार वाटतो. प्रॅक्टिस रूममध्ये ड्रम आणि दोन गिटार सुरू झाल्या की माझं मलाच ऐकू येईनासं होतं. लो बी (सगळ्यात जाड, पाचवी तार) छेडली की नुसता भपका येतो, सूर कळत नाही, आणि जोर लावला तर कोन फडफडतो. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे डी तारेवरचा तिसऱ्या पडद्याचा एफ त्या खोलीत जवळजवळ गायब होतो, आणि जी तारेवरचा बी मात्र दणकून येतो. दुसरी गिटार लावून पाहिली, तेच.

एका दुकानात सांगितलं, १५ इंचीच ठेवा, खर्ज तिथेच मिळतो. दुसरीकडे सांगितलं, १० इंची घ्या, पंच येतो. बजेट ५० हजारांपर्यंत. राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे वजन बघावंच लागेल. काय घेऊ?

तालमीतला

४ बाय १० घ्या. आमच्या बेसिस्टकडे आहे, माझ्या ड्रमसमोर आरामात ऐकू येतो. जड आहे पण, दोघांशिवाय उचलत नाही.

जुना_बेसिस्ट

पाचतारी, इतक्यात काही घेऊ नका. आधी तीन गोष्टी कळवा: खोक्याची आतली मापं, भोकांचा व्यास आणि खोली, आणि स्पीकरच्या कागदावरचे आकडे (एफएस म्हणजे स्पीकरचा स्वतःचा नैसर्गिक सूर, क्यूटीएस म्हणजे त्याच्या कंपनावरचा लगाम, व्हीएएस म्हणजे कोनच्या लवचिकतेइतकी हवा, एक्समॅक्स म्हणजे कोन स्वच्छपणे किती हलतो). प्रॅक्टिस रूममध्ये कोनपासून मागची भिंत किती लांब आहे तेही सांगा.

तोवर इंचांबद्दल लिहितो, कारण हा गैरसमज दुकानादुकानांत पक्का बसलाय. स्पीकर किती खाली जाणार हे त्याच्या व्यासावरून ठरत नाही. कोनचं वजन, त्याच्या कडेची लवचिकता, चुंबकाची ताकद आणि खोक्यातली हवा या सगळ्यांचं मिळून ते ठरतं. हे गणित नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात पुढे नेलं. वर मागितलेले आकडे म्हणजेच थील-स्मॉल पॅरामीटर. हा कागद नसलेला स्पीकर बेससाठी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

व्यासाने दोन गोष्टी बदलतात. पहिली, किती हवा ढकलली जाते. १० इंची कोनचं क्षेत्रफळ साधारण ३५० चौ. सेंमी, १५ इंचीचं साधारण ८५०. म्हणजे ४ बाय १० मध्ये १४०० चौ. सेंमी कोन आहे, एकट्या १५ इंचीपेक्षा कितीतरी जास्त. दुसरी, आवाज किती फाकतो. १५ इंची कोन साधारण हजार हर्ट्झच्या वर टॉर्चसारखा सरळ रेषेत जायला लागतो, १० इंची त्याच्या बराच वर. तुम्ही कॅबला चिकटून उभे असता आणि कोन तुमच्या गुडघ्यांकडे तोंड करून असतो. बोटांचा, तारेचा, पडद्याचा आवाज पोटऱ्यांना लागून पुढे जातो, तुमच्या कानापर्यंत फक्त गुरगुर येते.

आणि बँडमध्ये बेस 'ऐकू येतो' तो ४० हर्ट्झवर नाही. ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा, लो बीचा ३१ हर्ट्झचा. अँपेगचं ८ बाय १० कॅब घ्या, १९६९ पासून रॉक बेसचा आवाज म्हणजे तेच. पूर्ण बंद खोकं, आत चार कप्पे, प्रत्येकात दोन स्पीकर. एसव्हीटी-८१०ई या मॉडेलच्या कागदावर तीन डेसिबल उतार ५८ हर्ट्झलाच लागलाय, म्हणजे त्याखाली आवाज घसरत जातो. तरी कुणाची तक्रार नाही, कारण वरचे स्वरांश नीट आले की मूळ सूर कान स्वतः भरून काढतो. सूर ओळखू येणं आणि बेसिस्टचा हात ओळखू येणं हे १०० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात घडतं, आणि कॅबचा स्वभाव तिथेच ऐकायचा असतो. दुकानात लोक सगळ्यात खालची तार छेडतात, छातीत धक्का बसला की पैसे काढतात. त्या धक्क्याचा प्रॅक्टिस रूममध्ये काही उपयोग नाही.

पाचतारी (पुणे)

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मापं घेतली. आतून ५६ x ५६ x ४१ सेंमी. भोकं दोन, प्रत्येकी १० सेंमी व्यासाची, आत पाइप नाही, प्लायच्या जाडीइतकीच खोल. स्पीकर: एफएस ४० हर्ट्झ, क्यूटीएस ०.३८, व्हीएएस १९० लिटर, एक्समॅक्स ४ मिमी. मागची भिंत कोनपासून जवळजवळ एक मीटर.

लाकूडकाम

पाचतारी, स्पीकर चांगला आहे आणि खोकंही योग्य मापाचं आहे. चुकलीत ती फक्त भोकं.

स्पीकर आणि आधाराच्या पट्ट्या वजा केल्या तर आत साधारण १२५ लिटर हवा उरते. ०.३८ क्यूटीएसच्या स्पीकरला व्हीएएसच्या सुमारे ०.७ पट खोकं आणि एफएसच्या आसपास ट्यूनिंग (भोकातली हवा ज्या सुराला घुमते तो) हे पुस्तकातलं माप आहे. म्हणजे १३४ लिटर आणि ४० हर्ट्झ. तुमच्या सुताराने आकारमान जवळजवळ अचूक साधलंय. पण १० सेंमीची दोन भोकं पाइपशिवाय ठेवली की खोकं साधारण ६० हर्ट्झला ट्यून होतं. परिणाम तुम्हीच वर लिहिलाय. ६० च्या आसपास फुगवटा येतो, म्हणून घरी भरदार वाटतं. ट्यूनिंगच्या खाली हवेचा टेकू सुटतो, म्हणून कोन फडफडतो. लो बी ३१ हर्ट्झ, म्हणजे ट्यूनिंगच्या जवळजवळ एक सप्तक खाली. तिथे ४ मिमी एक्समॅक्स कधीच संपून जातो. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरलं तर कोनला चौपट हलावं लागतं, हे लक्षात ठेवा.

आधी फुकटातला प्रयोग करा. एका भोकावर प्लायचा तुकडा खाली फोमची पट्टी लावून स्क्रूने घट्ट बसवा, हवा अजिबात निसटता कामा नये. पोर्टचं (भोकांचं) क्षेत्रफळ निम्मं झालं की ट्यूनिंग ४२-४३ हर्ट्झवर येतं. आवाज वाढवल्यावर त्या एका भोकातून फुसफुस येईल, पण कल्पना येईल. पटलं तर दोन्ही भोकं ठेवून प्रत्येकात आतून १० सेंमी व्यासाचा पीव्हीसी पाइप बसवा, प्लायची जाडी धरून एकूण लांबी १४ सेंमी. ट्यूनिंग तेच राहतं आणि फुसफुस जाते. सांधे सिलिकॉनने बंद करा.

मधे एक आडवा दांडा आहे का? पुढच्या आणि मागच्या फळीला जोडणारा? नसेल तर टाका. ५६ सेंमीची सलग फळी स्वतःच गुणगुणते आणि मधला आवाज गढूळ करते. नवीन खोकं कधी केलंत तर एमडीएफ नको. वजन जास्त, आणि पावसाळ्यात टेम्पोत भिजलं की कडा फुगतात.

जुना_बेसिस्ट

लाकूडकाम यांनी मुख्य काम केलंय, मी एफचं सांगतो. खर्जाचा आवाज फक्त पुढे जात नाही, चहूकडे जातो. मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो. भिंत एक मीटरवर असेल तर येऊन-जाऊन दोन मीटर. ज्या सुराच्या लहरीची लांबी चार मीटर आहे त्याच्या बरोबर उलट्या टप्प्यावर तो परत येतो आणि पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, ३४३ भागिले ४ म्हणजे ८६ हर्ट्झ. तुमचा एफ ८७ हर्ट्झ. बी १२३ हर्ट्झ, तो या खड्ड्याच्या बाहेर पडतो, उलट थोडा उचललाच जातो. यात गिटारचा काही दोष नाही.

कॅब भिंतीला टेकवा. खड्डा १९० हर्ट्झच्या आसपास सरकतो, तिथे आवाज मागे जरा कमी जातो, त्यामुळे तो उथळही होतो. भिंतीजवळ खर्ज वाढेल, तो ॲम्पवर कमी करा. कोपऱ्यात मात्र ठेवू नका. आणि कॅब मागे कलतं ठेवा, कोन तुमच्या कानाकडे बघू दे.

शिवाय एक हाय-पास फिल्टर (ठरलेल्या सुराखालचा आवाज कापणारा) घ्या, ३५ हर्ट्झवर लावा. पाच तारांच्या गिटारला हा मी जवळजवळ सक्तीचा मानतो. तळहाताचे धक्के, तार ओढल्याचे ठोके, हे सगळं ३० च्या खाली कोनला उगाच हलवतं आणि ॲम्पची ताकद खातं.

मडगावकर

जुना_बेसिस्ट, बाकी सगळं मान्य, पण १५ इंचीला इतकं खाली टाकू नका. मी इथे लग्नांत आणि तियात्रांत वाजवतो. खाली १५ इंची, वर २ बाय १०, आज कित्येक वर्षं तोच जोड. खालून पोट मिळतं, वरून बोटं. मोकळ्या अंगणात चार १० इंची माझ्या कानाला कोरडे वाटतात.

जुना_बेसिस्ट

मडगावकर, तुमचा जोड तुमच्या कानाने जुळवलेला आहे, त्याला नाव ठेवणार नाही. वेगवेगळ्या स्पीकरच्या दोन कॅबांत काही पट्ट्यांत ते एकमेकांना साथ देतात, काही पट्ट्यांत कापतात, आणि ते आधी सांगता येत नाही. जमलं तर सुंदर. नवीन घेणाऱ्याला मी दोन एकसारखी कॅबच सुचवेन.

गिटारवाला_अमेय

थोडं विषयांतर. माझ्याकडे मागून उघडं गिटार कॅब आहे. त्यात बेस वाजवला तर चालेल का?

लाकूडकाम

हळू आवाजात सरावापुरता चालेल, बँडमध्ये नाही. मागून उघडं असलं की पाठीमागचा आवाज वळून पुढे येतो आणि खर्ज कापतो, आणि गिटार स्पीकरचा कोन फार हलायला बनवलेलाच नसतो, कॉइल ठोकर खाते. फेंडरचा पन्नाशीच्या दशकातला ४ बाय १० बासमन मागून उघडाच होता. बेससाठी काढला, आणि डोक्यावर घेतला गिटारवाल्यांनी.

साउंडवाला (नाशिक)

एक गोष्ट कुणी बोललं नाही. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात पाचतारींचा बेस डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला जोडणारा डबा) थेट मिक्सरला येत असणार. तसं असेल तर हॉलमधल्या लोकांना तुमचं कॅब ऐकूच जात नाही, त्यांना फक्त पिकअप आणि प्रीॲम्प ऐकू येतो. कॅब वरचा किर्र आवाज कापतं, मधे थोडा उठाव देतं, ते सगळं त्या रस्त्यात गळून पडतं. कॅबचा आवाज बाहेर हवा असेल तर माइक लावायला सांगा, किंवा कॅब सिम्युलेटर असलेला डीआय घ्या. माइक कोनच्या मध्यावर लावला की आवाज उजळ, कडेकडे सरकवला की गडद.

आणि कृपा करून स्टेजवरचा आवाज बेताचा ठेवा. बेसिस्टचं कॅब हॉल भरायला लागलं की मला मिक्सरवर करण्यासारखं काही उरत नाही.

पाचतारी (पुणे)

प्रयोग केला. भोक बंद केलं, कॅब भिंतीला टेकवून मागे कलतं ठेवलं. एफ परत आला! बाकीच्या सुरांच्या बरोबरीने आहे. लो बीचा भपका गेला, आता सूर म्हणून ऐकू येते, थोडी हळू आहे पण स्वच्छ. गिटारवाल्याने विचारलं, ॲम्प नवीन आणलास का? पाइप या आठवड्यात बसवतो, आडवा दांडाही.

पण गाणं जोरात गेलं की अजून कमी पडतो. स्लॅपचा (अंगठ्याने तार ठोकल्याचा) टकटक आवाज तर येतच नाही. तर आता नवीन काय?

जुना_बेसिस्ट

टकटक आवाजाला हॉर्न लागेल, १५ इंची पीए कोनमधून तो येणार नाही. हॉर्नला आवाज कमी-जास्त करायची खुंटी असलेलंच कॅब बघा, कारण डिस्टॉर्शन लावलंत तर तो हॉर्न बंदच करावा लागतो, नाहीतर कानात सुया टोचतात.

तुमच्या तीन मजल्यांसाठी माझी शिफारस म्हणजे निओडायमियम स्पीकरचं १ बाय १२, ८ ओम, हॉर्नसकट. आत्ता एक घ्या, पुढे तसंच दुसरं. फेराइट चुंबकापेक्षा निओडायमियम बरंच हलकं असतं, एका हाताने जिना चढाल. ८ ओमवर तुमचा ५०० वॅटचा ॲम्प निम्म्याच्या थोडी वर ताकद देतो, पण ते नुकसान तीन डेसिबलच्याही आत आहे, त्याची काळजी करू नका. दुसरं एकसारखं कॅब जोडलं की ४ ओम होतात, ॲम्प पूर्ण ताकद देतो, कोनचं क्षेत्रफळ दुप्पट होतं, आणि मिळून सुमारे सहा डेसिबल वाढतात. दोन्ही एकावर एक उभी रचा, वरचं तुमच्या कानाजवळ येतं. शेजारी-शेजारी ठेवलीत तर बाजूला उभ्या असलेल्या गायकाला काही सूर मोठे आणि काही छोटे ऐकू येतील.

मधल्या काळात तुमचं १५ इंची आणि नवं १२ इंची जोडून पाहायला हरकत नाही, दोन्ही ८ ओमची आहेत, ॲम्पला धोका नाही. मडगावकरांसारखं जमूनही जाईल.

विकत घेताना वॅटचा आकडा शेवटी बघा. आधी सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटला किती मोठा आवाज) बघा. ९७ डेसिबलचं कॅब १०० वॅटवर जेवढं वाजतं, तेवढ्यासाठी ९४ च्या कॅबला २०० वॅट लागतात. छोटं खोकं, खोल खर्ज आणि जास्त सेन्सिटिव्हिटी या तिन्हीचा दावा एकदम कुणी करत असेल तर कागद बाजूला ठेवा आणि स्वतःच्या गिटारने, स्वतःच्या ॲम्पवर, उभं राहून, दहा फूट लांबून ऐका.

तालमीतला

आणि ड्रमर बरोबर न्या. एकट्या बेसवर सगळीच कॅब छान वाटतात.

पाचतारी (पुणे)

ठरलं, १ बाय १२ ऐकायला रविवारी जातोय, ड्रमरला घेऊनच. एक शेवटचं. ॲम्पपासून कॅबपर्यंत मी गिटारचीच जाड केबल वापरतो, ती चालेल ना?

साउंडवाला (नाशिक)

नाही, आजच बदला. गिटारची केबल शील्डची असते, आत बारीक तार. ती गरम होते, शॉर्ट झाली तर ॲम्प जातो. दोन पदरी स्पीकर केबल घ्या, किमान १.५ चौ. मिमीची, दोन्ही टोकांना स्पीकॉन. तुमच्या पुण्यातल्या तपकीर गल्लीत केबल आणि कनेक्टर दोन्ही मिळतील, तिथेच जोडून मागा.