‘कम्री’, ‘गम्री’ की ‘खम्री’?

प्रश्न (पांथस्थ):
ब्रिस्टलहून सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडून वेल्समध्ये शिरताना ‘क्रॉइसो ई गम्री’ अशी स्वागताची पाटी पाहिली. वेल्श भाषेत देशाचे नाव ‘कम्री’ असल्याचे मी वाचले होते. कोशात ‘गम्री’ सापडत नाही, आणि एका लेखात ‘खम्री’ही आढळले. यांतले मूळ रूप कोणते, आणि ‘वेल्स’ या नावाशी त्याचे काही नाते आहे का?

उत्तर (शब्दवेध):
मूळ रूप ‘कम्री’ हेच आहे. कोशातही तेच पाहावे. मराठीत ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होताना शब्दाचा शेवट बदलतो, तर वेल्शमध्ये आधी आलेल्या शब्दानुसार पुष्कळदा आरंभ बदलतो. ‘ला’, ‘मध्ये’ हे अर्थ सांगणारे शब्द तिथे नामाच्या आधी येतात. ‘ला’ या अर्थाच्या ‘ई’नंतर ‘क’चा ‘ग’ होतो, म्हणून पाटीवर ‘गम्री’. ‘आणि’ या अर्थाच्या ‘आ’नंतर घशातून घासून येणारा ‘ख’ होतो. ‘वेल्समध्ये’ म्हणताना मात्र ‘अङ् ङ्हम्री’ असे होते: आपल्या ‘वाङ्मया’तला ङ, तोही हकारासह, थेट शब्दाच्या तोंडाशी! मला तो नीट उच्चारायला बरेच दिवस लागले.

‘ग’चे कारण जुने आहे. दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘क’ मृदू होत असे, ‘प्रकट’चे ‘प्रगट’ व्हावे तसा. पुढे आधीच्या शब्दांचे अंत्य स्वर पुष्कळ ठिकाणी झडले, तरी तो मृदूपणा व्याकरणाचा नियम होऊन टिकला. षष्ठीला प्रत्यय नाही, नाव नुसते नंतर ठेवतात: ‘प्रिव्हस्गोल कम्री’, म्हणजे वेल्स विद्यापीठ.

उत्तर (मूळशोध):
व्युत्पत्तीविषयी थोडी भर घालतो. ‘वेल्स’शी याचे नाते नाही. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्ह’ म्हणजे परका. त्याच्या अनेकवचनातून ‘वेल्स’ आले, आणि कॉर्नवॉलमधला ‘वॉल’ही तोच. बाहेरून आलेल्यांनी तिथल्याच रहिवाशांना परके ठरवले, ही गोष्ट मला आजही खटकते. ‘कम्री’च्या मुळाशी प्राचीन ब्रिटनच्या भाषेतला ‘कॉम्ब्रोगी’ हा शब्द आहे: ‘कॉम्’ म्हणजे सह, ‘ब्रोग्’ म्हणजे मुलूख, एकूण अर्थ ‘एकाच मुलखातले’, देशबांधव. मुलूख या अर्थाचा ‘ब्रो’ हा शब्द वेल्शमध्ये आजही वापरात आहे. म्हणजे हे आधी लोकांचे नाव होते, भूमीला ते नंतर लागले. लोक आणि देश यांचे लेखन सोळाव्या शतकापर्यंत वेगळे ठरलेले नव्हते; आज शेवटचे एक अक्षर निराळे लिहितात, पण उच्चार एकच आहे. उत्तर इंग्लंडमधला ‘कंब्रिया’ही याच मुळातला. मॉन्मथचा जेफ्री या इतिवृत्तकाराने बाराव्या शतकात कॅम्बर नावाच्या राजपुत्रावरून हे नाव पडल्याचे लिहिले आहे, ती दंतकथाच समजावी.